सहा महिन्यांत पाच

माणूस मेला की त्याचा नुसता आकडा होतो, असं म्हणत लोक उसासे टाकतात. मला हसू येतं. अहो, आकडा व्हायलासुद्धा नशीब लागतं! कुणीतरी तो लिहून घ्यावा लागतो. मी सत्तावीस वर्षं हेच काम केलं, आणि त्यातली पहिली नऊ वर्षं चुकीचं केलं, म्हणून हे मला जरा जास्तच कळतं.

मी सुलोचना रामटेके. पंचायत समितीत सांख्यिकी सहायक. वय एक्कावन्न, गुडघे कुरकुरतात, जीभ तिखट आहे असं कचेरीत म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांना मी त्यांच्या तोंडावर उत्तर देते. जानेवारीत मला पत्र आलं. धोरण-विश्लेषणासाठी संख्याशास्त्रीय पद्धती, सहा आठवड्यांचं प्रशिक्षण, हजेरी सक्तीची. म्हटलं, बुडत्याचा पाय खोलात. निवृत्तीला सात वर्षं राहिली आणि आता मला शाळेत घालताहेत.

कारण होतं 'जुळणी'. चार वर्षांपूर्वी राज्यानं हे यंत्र बसवलं. कोणती योजना कुठं चालू ठेवायची आणि कुठं बंद करायची, हे तेव्हापासून यंत्र ठरवत होतं आणि मंत्री फीत कापत होते. आम्ही खालून आकडे पाठवायचो. त्यांचं पुढं काय होतं हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ते आता शिकवणार होते.

शिकवायला सबनीस मॅडम होत्या. सत्तरीच्या, किडकिडीत, पांढरे केस कापलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "समजा, तुम्हांला ताप आला. तुम्ही गोळी घेतली. ताप उतरला. कशानं उतरला?"

"गोळीनं," मागून कुणीतरी म्हणालं.

"गोळी न घेता उतरला नसता कशावरून?"

मी म्हटलं, "मॅडम, ते कसं कळणार? घेतली ती घेतली."

"बरोब्बर!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "एकच माणूस एकाच वेळी गोळी घेतलेला आणि न घेतलेला असू शकत नाही. गावाचंही तसंच. योजना दिली तर काय झालं ते दिसतं, न देता काय झालं असतं ते कधीच दिसत नाही. मग काय करायचं? त्या गावाचा एक जुळा तयार करायचा."

तो जुळा कसा करतात ते त्यांनी आठवडाभर शिकवलं. जिथं योजना गेलेली नाही अशी गावं घ्यायची. त्यांचे जुने आकडे पाहायचे. मग या गावाचे चाळीस टक्के, त्या गावाचे पस्तीस, आणखी एकाचे पंचवीस, असं मिसळत जायचं. मिश्रणाचे जुने आकडे आपल्या गावासारखे दिसू लागले की झाला जुळा. त्यानंतर योजनेच्या गावात वर्षात दहा माणसं मेली आणि जुळ्यात वीस, तर योजनेनं दहा वाचवली. दोन्हीकडे सारखीच मेली तर योजना फुकट, बंद करा. 'जुळणी' अकरा तालुक्यांसाठी हे काम दर तीन महिन्यांनी करत होती.

"आणि ज्या गावांचं मिश्रण केलं, ती गावं?" मी विचारलं.

"त्यांना कोरी गावं म्हणतात. तिथं ती योजना जाऊ द्यायची नाही. गेली की तुलना बिघडली."

"किती दिवस जाऊ द्यायची नाही?"

"निकाल लागेपर्यंत," मॅडम म्हणाल्या, आणि फळा पुसायला लागल्या. मला माझ्या बहिणीचं गाव आठवलं.

माझी धाकटी बहीण शोभा टेंभुरझरीला दिली आहे. डोंगराच्या पायथ्याचं गाव, आजूबाजूला आठ टोले म्हणजे छोट्या वस्त्या, आणि सगळ्यांचं मिळून एक आरोग्य उपकेंद्र. तिची एकुलती मुलगी यशोधरा. तेव्हा एकोणीस वर्षांची होती, कॉलेजात शिकत होती आणि सिकलसेलची होती. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडं आतून फुटल्यासारखी दुखतात. मी तिला लहानपणापासून भिंतीवर डोकं आपटताना पाहिलंय. मला स्वतःचं मूल नाही. यशूच माझं मूल, आणि हे शोभालाही माहीत आहे.

या आजारावर औषध निघालं होतं. एकच सुई. ती हाडाच्या मगजात, जिथं रक्त तयार होतं तिथं, जाऊन मुळातली चूकच दुरुस्त करायची. आमच्याकडचे लोक तिला 'एकबारी' म्हणायचे. बाजारात ती मिळत नव्हती. सरकार अकरा तालुक्यांत देत होतं आणि टेंभुरझरीत देत नव्हतं. मी यशूचा पत्ता बदलून पाहिला होता. पण सगळ्यांचे पत्ते चार वर्षांपूर्वीच्या तारखेला गोठवलेले होते. माझ्यासारख्या मावश्या राज्यात हजारो असणार, हे यंत्राला आधीच माहीत होतं.

चौथ्या आठवड्यात मॅडमनी प्रत्येकाला एका तालुक्याचा जुळा उघडायला दिला. कोणत्या गावाचा किती वाटा आहे, ते शोधायचं होतं. मी तक्ता उघडला. पहिल्याच ओळीत 'उपकेंद्र टेंभुरझरी, एक्केचाळीस टक्के'. दुसऱ्या तालुक्याचा तक्ता उघडला, तिथं अडतीस. अकराच्या अकरा तालुक्यांच्या जुळ्यांत टेंभुरझरी सगळ्यांत वर!

"मॅडम, या एकाच गावाला एवढा वाटा का?"

त्या माझ्या खांद्यावरून वाकल्या. "आकडे पाहा ना. सव्वीस वर्षांत सिकलसेलनं एकही मृत्यू नाही. दर महिन्याला अहवाल आहे, एकही महिना चुकलेला नाही. आकडे वरखाली होत नाहीत. यंत्राला असं गाव फार आवडतं." मग त्या थांबल्या. "रुग्ण किती आहेत इथं?"

"एकशे साठ."

"एकशे साठ रुग्ण आणि सव्वीस वर्षांत एक मृत्यू नाही? हे कसं शक्य आहे?"

मी तक्ता बंद केला. कारण कसं शक्य आहे ते त्या वर्गात फक्त मलाच माहीत होतं.

सत्तावीस वर्षांपूर्वी मी त्या भागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कारकून म्हणून लागले. टेंभुरझरीच्या उपकेंद्राला नर्स नव्हती, कुलूप होतं. पण महिन्याच्या पाच तारखेला जिल्ह्याहून फोन यायचा: टेंभुरझरीचा अहवाल का नाही? सहा तारखेला पुन्हा. सात तारखेला साहेब माझ्या टेबलाशी. मग मला जुन्या कारकुनानं युक्ती सांगितली. माहिती आली नसेल तर 'निरंक' टाकून द्यायचं. निरंक म्हणजे काही घडलं नाही, सांगण्यासारखं काही नाही. निरंक गेलं की फोन बंद. मी नऊ वर्षं दर महिन्याला ते टाकलं, बदली झाली तेव्हा माझ्या जागी आलेल्या पोराला तेच शिकवलं, आणि त्यानं त्याच्या जागी आलेल्याला. सगळ्या जिल्ह्यात हेच चालतं. त्यात पाप आहे असं कुणाला वाटतही नाही.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या.

"रामटेकेबाई, शून्य असणं आणि माहिती नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्हांला नोकरीत कुणी शिकवलं नाही?"

"मॅडम, नोकरीत आम्हांला फोन कसा बंद करायचा तेवढं शिकवलं."

त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या. औषध मिळालेल्या तालुक्यांत माणसं थोडी मरत होती, पण जुळ्यात कुणी मरतच नव्हतं, कारण त्याच्यात माझी निरंकं भरलेली होती. म्हणजे औषधानं कुणी वाचलं असं दिसतच नव्हतं. "एक ऑक्टोबरला मोठा आढावा आहे," मॅडम म्हणाल्या. "त्यात हे औषध बिनकामाचं ठरेल. मग ते कुणालाच मिळणार नाही, तुमच्या भाचीला नाही आणि आज ज्यांना मिळतंय त्यांनाही नाही."

करायला गेले एक नि झालं भलतंच, असंही म्हणायची सोय नव्हती. मी काही करायला गेलेच नव्हते. मी फक्त फोन बंद केला होता.

परत आल्याबरोबर मी कबुलीचं पत्र लिहिलं. आमचे बोरकुटे साहेब भले माणूस आहेत. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि दार लावून घेतलं.

"बाई, हे काय करून राहिल्या तुम्ही? खोटी नोंद केली असं स्वतःच्या सहीनं लिहून देता? चौकशी लागेल."

"लागू द्या."

"अन् यंत्रानं ऐकलंच नाही तर?"

यंत्रानं खरंच ऐकलं नाही. आठ दिवसांनी उत्तर आलं. जुन्या नोंदी त्या काळच्या कागदपत्रांशिवाय बदलता येत नाहीत. अर्जदाराची नातलग त्या गावात रुग्ण आहे, तेव्हा तिच्या सांगण्याला वजन नाही. मात्र शंका उपस्थित झाल्यामुळे टेंभुरझरी एक एप्रिल ते तीस सप्टेंबर निरीक्षणाखाली राहील. या सहा महिन्यांत सिकलसेलनं झालेले, रक्ततपासणीनं सिद्ध झालेले मृत्यू मोजले जातील. जुनी नोंद खरी असताना इतके मृत्यू होण्याची शक्यता हजारात एकाहून कमी भरली, तर जुनी नोंद रद्द होईल, गाव कोऱ्या गावांतून निघेल आणि औषध नवव्या दिवशी पोचेल. नाहीतर निरीक्षण संपलं.

मी मॅडमना फोन लावला. "इतके म्हणजे किती?"

"शिकवलंय तुम्हांला. काढा."

"तुम्हीच सांगा हो."

"यंत्र अगदी शून्य धरत नाही, थोडी सूट ठेवतं. सहा महिन्यांत अर्धा मृत्यू अपेक्षित धरतं."

"अर्धा माणूस कसा मरतो मॅडम?"

त्या हसल्या नाहीत. "कागद घ्या," म्हणाल्या. मी घेतला. अर्धा अपेक्षित असताना चार किंवा त्याहून जास्त मरण्याची शक्यता पाचशेसत्तरात एक. पुरत नव्हती. पाच मरण्याची जवळजवळ सहा हजारांत एक. मी पाचाभोवती गोल केला.

सहा महिन्यांत पाच. आणि ते सहा महिन्यांतच हवे होते. सावकाश मेले तर उपयोग नव्हता.

मोजणीचं काम माझ्याच गळ्यात पडलं, कारण त्या रस्त्यानं जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. घरी मृत्यू झाला की सहा तासांच्या आत मेलेल्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचे चार थेंब घ्यायचे. ते ड्रोन घेऊन जायचा, बावीस मिनिटांत जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत. त्याच गावातून जिवंत माणसाला दवाखान्यात न्यायचं तर रुग्णवाहिकेला चार तास लागत. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे? पण भांडायला वेळ नव्हता.

मला मदतीला होत्या गावच्या आशा-सेविका, लीलाताई मसराम. आणि यशू. तिला सगळं माहीत होतं, पाचाचा आकडासुद्धा. ती म्हणाली, "मावशी, घरी पडून राहून काय करू? लोक तुला ओळखत नाहीत, मला ओळखतात."

पहिला गेला एप्रिलमध्ये, बांबूच्या टोपल्या करणारा. यशूनं त्याच्या बायकोला जवळ घेऊन समजावलं, आणि बाईनं स्वतः नवऱ्याचा हात पुढं केला. दुसरी मे महिन्यात, नववीतली मुलगी. जूनमध्ये एका म्हातारीचा मुलगा गेला. म्हातारी दारातच आडवी झाली. "मेलेल्या माणसाले टोचता? लाज नाही वाटत?" आम्ही हात हलवत परतलो. तो मोजला गेला नाही. सगळा रस्ता मी त्या म्हातारीवर चरफडत होते. तिचा मुलगा गेला होता, आणि मला राग कशाचा, तर माझा एक आकडा हुकला याचा!

त्याच महिन्यात मी ती यादी केली. कुणी सांगितलं नव्हतं. मॅडमनी शिकवलेलं होतं, वय, रक्त किती, वर्षात किती वेळा दुखणं उसळलं, घर रस्त्यापासून किती लांब, असं सगळं धरून कोण किती धोक्यात आहे ते काढायची पद्धत. मी एकशे सत्तावन्न जणांची रांग लावली. स्वतःला सांगितलं, जास्त धोका असेल त्यांना आधी दवाखान्यात हलवता येईल. पहिल्या नंबरला दुसऱ्या टोल्यावरचे बाजीराव उईके आले. दुसऱ्या नंबरला रेवता कुमरे. तिसऱ्या नंबरला यशू.

रेवता ही यशूची बालमैत्रीण. बावीस वर्षांची, नवरा सोडून गेलेला, पदरात दोन वर्षांची पोर, आणि बाप दसरू कुमरे तिला सांभाळायचा. ती पोरही सिकलचीच होती.

बाजीराव जुलैत गेले. तिसरा. ऑगस्टमध्ये तिसऱ्या टोल्यावरची एक बाई बाळंतपणात गेली. चौथी. यादी चांगली चालत होती, आणि मला ते बरं वाटत होतं. हे लिहायला हात जड होतो, पण वाटत होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शोभाचा फोन आला. "ताई, यशू उठून नाही राहिली. छातीत दुखते म्हणते." मी बोरकुटे साहेबांना विचारलंसुद्धा नाही. कचेरीची विजेवर चालणारी जीप काढायला लावली, दीड तासात गाव गाठलं आणि यशूला जिल्ह्याच्या रुग्णालयात भरती केलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणली. फुप्फुसात अडकलंय. या वेळी निघेल, पण असा झटका पुन्हा आला तर सांगता येत नाही. एकबारी मिळाली तरच खरं.

चार झाले होते. एक हवा होता.

मी रोज सकाळी कचेरीत जायचे आणि दुपारी रुग्णालयात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघायचं नाही असं ठरवायचे आणि बघायचे. बावीस दिवस राहिले. अठरा. तेरा. लीलाताईंचा फोन वाजला की माझं काळीज उडी मारायचं, आणि ती भीतीची उडी नव्हती.

सतरा तारखेला, शुक्रवारी सकाळी अकराला त्यांचा फोन आला.

"बाई, रेवताचं लई दुखून राहिलं. दम लागते. रुग्णवाहिका दुसऱ्या तालुक्यात गेली, कधी येईल ते सांगत नाही. तुमची गाडी पाठवता का?"

माझ्या खिडकीतून जीप दिसत होती. पूर्ण चार्ज झालेली. ड्रायव्हर सावलीत डबा खात होता.

"पाहते," मी म्हटलं.

मी खुर्चीत बसून राहिले. साहेबांची परवानगी लागेल, असं मनाशी म्हटलं. यशूच्या वेळी लागली नव्हती. रेवता यापूर्वीही दोनदा अशी दुखून बरी झाली होती. रस्त्यावर पाणी असेल. होतं का? मी विचारलं नाही. शनिवारी लीलाताईंनी पुन्हा फोन केला. मी पुन्हा म्हटलं, पाहते. रविवारी त्यांनी फोन केला नाही, आणि गाडी तिथंच उभी होती.

सोमवारी दुपारी मी यशूच्या खाटेशी बसून मोसंबी सोलत होते. नाकातली नळी काढली होती, ती उशीला टेकून बसली होती. फोन वाजला.

"बाई, रेवता गेली."

"रक्त घेतलं का?"

"घेतलं. दसरूभाऊनं घेऊ दिलं. ड्रोन गेला."

"झालं बाई एकदाचं!"

शब्द तोंडातून गेले तेव्हा मी हसत होते. आनंद झाला होता मला, खराखुरा, डोळ्यांत पाणी आणणारा आनंद. माझी पोर वाचली होती.

यशू माझ्याकडे बघत होती. "कोण गेलं मावशी?"

मी सांगितलं. ती पांघरुणाची किनार बोटांत पिळत बसली.

"रेवतानं मला शुक्रवारी मेसेज केला होता," ती म्हणाली. "गाडी येणार आहे, बाई पाहते म्हणाल्या, असा. मी म्हटलं, मावशी आहे ना, येईलच. गाडी का नाही गेली?"

मी खोटं बोलू शकले असते. पण ती पोर मला आरपार ओळखते.

"पाठवली नाही."

"बिघडली होती?"

"नाही."

"मग?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं. "तुझ्यासाठीच नाही पाठवली. तेरा दिवस राहिले होते, यशू."

तिनं तोंड भिंतीकडे केलं.

पुढचं सगळं यंत्रानं ठरल्याप्रमाणं केलं. मंगळवारी संध्याकाळी जुनी नोंद रद्द झाली. टेंभुरझरी कोऱ्या गावांतून निघालं. अकराही तालुक्यांचे जुळे नव्यानं जुळवले गेले आणि एका झटक्यात दिसलं की औषध माणसं वाचवतं, शंभरातली साठ. सबनीस मॅडमचा फोन आला. "रामटेकेबाई, तुमच्यामुळे हजारो लोक जगतील," असं त्या म्हणाल्या. मी हं म्हटलं. माझ्यावरची चौकशी अजून चालू आहे, पण ती निरंकाची. दुसऱ्या गोष्टीची चौकशी करायला कुठला कागदच नाही.

नवव्या दिवशी उपकेंद्राच्या आवारात मंडप घातला. डॉक्टर आले, थंड पेट्या आल्या. एकशे चौपन्न लोकांची रांग लागली. शोभा नवं लुगडं नेसून आली होती आणि दिसेल त्याला सांगत होती, माह्या ताईनं आणलं हे. यशूला रुग्णालयातून थेट आणलं होतं. ती माझ्याजवळ आली. दहा दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

"दसरूकाकांना सांग."

"काय सांगू? त्यानं काय होणार आहे आता? मेलेलं माणूस परत येणार आहे?"

"तू सांग. तू सांगितल्याशिवाय मी सुई घेणार नाही."

"वेडी आहेस का? डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"ऐकलं."

तिचा चेहरा मी ओळखते. तिसरीत असताना शिक्षकानं खोटं ठरवलं म्हणून हिनं दोन दिवस अन्न सोडलं होतं. मी रांगेकडे गेले.

दसरू मध्येच कुठंतरी उभा होता. पांढरा सदरा, खांद्यावर रेवताची पोर झोपलेली. मला पाहून तो रांगेतून जरा बाजूला झाला आणि त्यानं हात जोडले.

"बाई, लीलाताई सांगत होती, पाच लागत होते म्हणे."

"हो."

"माही रेवता कितवी?"

"पाचवी."

"म्हणजे तिच्यामुळं आलं नं हे औषध?"

"हो."

त्यानं मागंपुढं उभ्या असलेल्या लोकांकडे बघितलं. "ऐकलं का? माह्या पोरीमुळं आलं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. दहा दिवसांत त्याला धरायला तेवढंच मिळालं होतं आणि मी ते काढून घ्यायला आले होते.

"दसरूभाऊ," मी म्हटलं, "लीलाताईंनी मला शुक्रवारी फोन केला होता. शनिवारीही केला. गाडी कचेरीत उभी होती. मी मुद्दाम पाठवली नाही. पाच पुरे व्हायला पाहिजे होते आणि दिवस संपत आले होते. माझी यशू दवाखान्यात होती."

त्याला समजायला वेळ लागला. मी थांबले. रांग दोन पावलं पुढं सरकली, तोही सरकला.

"गाडी आली असती तर वाचली असती का ते?"

"वाचली असती," मी म्हटलं.

मला वाटलं मारेल, आणि मारावं असं मला वाटत होतं. मंडपातून नर्सनं नाव पुकारलं, आणि तो पोरीला घेऊन आत गेला. मीही मागोमाग गेले, का गेले कोण जाणे. सुई टोचली तशी पोर जागी झाली आणि किंचाळून रडायला लागली. तिला घ्यायला मी हात पुढं केले. दसरूनं तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून तो तिला थोपटत राहिला.